टॅरंटुलासाठी कामाची जागा मांडताय? या चुका टाळा

टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचा ठरला की बहुतेकांचं सगळं लक्ष त्याच्या पेटीवर जातं. कोकोपीट किती खोल हवं, सालीचा तुकडा कुठे ठेवायचा, पेटी कोणत्या मापाची घ्यायची. ती पेटी ज्या जागी उघडायची, पाणी बदलायचं, उरलेलं भक्ष्य बाहेर काढायचं, त्या जागेचा विचार मात्र सगळ्यात शेवटी होतो आणि मिळेल त्या कोपऱ्यात काम भागवलं जातं. कोळी निसटतो, पडतो किंवा चावतो, तो बहुधा झाकण उघडं असताना आणि नेमकी हवी ती वस्तू हाताशी नसताना. म्हणून जागा मांडताना एकच प्रश्न विचारत राहा: झाकण उघडल्यावर मला काही आणायला उठावं लागेल का?

उंच टेबलावर कोळी हलवणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. टॅरंटुला धिप्पाड दिसला तरी पडणं त्याला सोसत नाही. त्याच्या पोटाची कातडी पातळ असते आणि आतला द्रव दाबाखाली असतो. पोट फुटलं की तो द्रव वाहून जातो. त्याच द्रवाच्या दाबावर कोळ्याचे पाय सरळ होतात. पाय आत ओढायला स्नायू आहेत, पण पायांच्या मुख्य सांध्यांत ते बाहेर ताणणारे स्नायूच नाहीत. त्यामुळे टेबलाच्या उंचीवरून पडणंसुद्धा जीवघेणं ठरू शकतं.

पाणी भरणं, खायला घालणं ही कामं टेबलावर खुशाल करा. पण एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हलवायचं असेल तर जमिनीवर बसा. मोठा, खोल, पारदर्शक प्लास्टिकचा टब घ्या आणि जुनी व नवी अशा दोन्ही पेट्या त्याच्या आत ठेवा. कोळी बाहेर पळाला तरी टबातच उतरेल. टबाच्या गुळगुळीत भिंतीही अनेक टॅरंटुला सहज चढतात, तेव्हा टब हा कायमचा बंदोबस्त समजू नका. त्यातून तुम्हाला चार क्षण जास्त मिळतात, एवढंच.

पेटीच्या आतही हाच हिशेब लागू होतो. मेक्सिकन रेड नीसारखा जमिनीवर राहणारा कोळी असेल तर माती आणि झाकण यांच्यातलं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. उंच पेटी दिसायला छान वाटते, तो वर चढेपर्यंत. झाकणाला बारीक धातूची जाळी असेल तर तीही बदला, कारण पायाच्या टोकाची नखं तिच्यात अडकतात आणि कोळी लटकत राहतो. भोकं पाडलेलं अ‍ॅक्रिलिक बरं.

हत्यारं आहेत, पण ड्रॉवरमध्ये

टेबलावर कायम दिसतील अशा वस्तू थोड्याच: २५ ते ३० सेंटिमीटर लांबीचा चिमटा, लांब दांड्याचा मऊ ब्रश, निमुळत्या तोंडाची पाण्याची बाटली आणि कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्यापेक्षा मोठा पारदर्शक कप. कपासोबत त्याच्या तोंडाखाली सरकवता येईल असा जाड, गुळगुळीत कार्डाचा तुकडा. यातला कप सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक विसरतात. साधं पाणी बदलायचं असलं तरी आधी कप उघडा करून शेजारी ठेवायचा, मग झाकणाला हात लावायचा. ही सवय एकदा लागली की अर्धे अपघात टळतात.

चिमट्याचं टोक टोकदार धातूचं नको. चिडलेला कोळी चिमट्यालाच चावतो आणि त्यात सुळे दुखावू शकतात. टोकाला रबर असलेला किंवा बांबूचा चिमटा चांगला. चिमटा भक्ष्य आणि कचरा उचलण्यासाठी असतो, कोळी उचलण्यासाठी कधीच नाही.

ब्रशने ढोसायचंही नसतं. मागच्या पायांना किंचित स्पर्श केला की कोळी पुढे सरकतो, समोर कप आडवा धरून ठेवलेला असतो. ब्रश वरून पोटावर आणला तर शत्रू आला असं त्याला वाटतं, आणि मग तो धावेल की पुढचे पाय उचलून उभा राहील हे तुमच्या हातात राहत नाही. बिळात राहणाऱ्या जातींसाठी पारदर्शक पिशवीची युक्ती मला जास्त आवडते. पिशवीचं तोंड बिळाच्या तोंडाभोवती बसवायचं आणि कोळी आत आला की मुरगळून बंद करायचं. उघड्यावर पाठलाग करावाच लागत नाही.

खोलीचं दार बंद ठेवा, दाराखालच्या फटीत कापड कोंबा. टेबलाखाली वायरींचा गुंता आणि रिकामे खोके साठवू नका, नाहीतर निसटलेल्या कोळ्यासाठी तीच पहिली लपायची जागा होईल.

पंखा चालू ठेवून काम करणं

अमेरिका खंडांतल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजरे केस असतात. ब्रॅकिपेल्मा, ग्रामोस्टोला, थेराफोसा ही त्यातली ओळखीची नावं. कोळी बिथरला की मागच्या पायांनी ते केस झाडतो. डोक्यावर पंखा फिरत असेल तर ते कुठे जाऊन बसतील याचा नेम नाही. त्यामुळे पेटी उघडण्याआधी पंखा बंद आणि डोळ्यांवर बंदिस्त गॉगल. चष्मा पुरत नाही, बाजूने उघडा असतो. थेराफोसा पाळत असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजेही घाला, त्याचे केस फार त्रास देतात.

एक गोष्ट सहज निसटते. हे केस फक्त कोळ्याच्या अंगावर नसतात. टाकलेल्या कातीत असतात, जुन्या मातीत असतात, जाळ्यातही विणलेले असतात. म्हणजे कोळी कपात सुरक्षित असला तरी पेटी साफ करताना गॉगल उतरवायचा नाही. जुनी माती थोडी ओली करून पिशवीत बंद करा आणि टेबल ओल्या कापडाने पुसा. कोरडा झाडू मारला की केस पुन्हा हवेत उडतात.

त्वचेवर केस बसले तर चिकटपट्टीने उचलून काढा, मग धुवा. डोळ्यात गेले तर चोळू नका. भरपूर पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. या केसांना काटे असतात, ते बुबुळात रुततात आणि साध्या आरशात दिसत नाहीत. डॉक्टरांना ‘कोळ्याचे केस’ असं स्पष्ट सांगा, कारण नुसते लाल डोळे पाहून हे कारण सहसा सुचत नाही.

आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींना हे केस नसतात. त्याची भरपाई त्या वेगाने आणि विषाने करतात. पोइसिलोथेरिया या आशियाई कोळ्यांच्या चाव्याने स्नायूंत तीव्र पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात. अशी जात पहिली म्हणून घेऊ नये हे माझं ठाम मत आहे. टेबल कितीही नीट मांडलेलं असो.

कीटकनाशकाशी शेजार

कोळी आणि कीटक दोघेही संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचे प्राणी. जे झुरळाला मारतं ते टॅरंटुलालाही मारू शकतं. डास पळवणाऱ्या लिक्विड मशीनमध्ये आणि कॉइलमध्ये सहसा पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात, झुरळांच्या स्प्रेतही असतात. त्या खोलीत यातलं काहीच नको. घरात कुत्रा-मांजर असेल आणि त्यांच्या मानेवर पिसवांचं औषध लावलं असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय पेटीला हात लावू नका. सिगारेट ओढणाऱ्यांनीही हात धुवावेत, निकोटीन हेही कीटकनाशकच आहे.

उष्णता देण्याची घाई

बहुतेक टॅरंटुलांना माणसाला सुखाची वाटते ती खोली पुरते. पेटीखाली हीट मॅट ठेवणं ही जुनी चूक. कोळ्याला ऊन किंवा उष्णता जाणवली की तो खाली खणतो, आणि मॅट तर खालीच असते. थंड प्रदेशात राहत असाल तर खोली तापवा, पेटी नको. टेबल खिडकीजवळ असेल तर उन्हाचा पट्टा दिवसभर कुठून कुठे सरकतो ते सुट्टीच्या दिवशी एकदा पाहा. काचेची बंद पेटी थेट उन्हात थोड्याच वेळात भट्टी होते. स्पीकर, वॉशिंग मशीन, आपटणारं दार यांच्यापासूनही मांडणी दूर हवी. कोळी जग ओळखतो ते मुख्यतः कंपनांतून.

भक्ष्याचा डबा कोळ्यांच्या फळीवर

रातकिडे किंवा दुबिया झुरळं ठेवलेल्या डब्यात ओल, शिळं अन्न आणि मेलेले किडे असतातच. तिथे फोरिड नावाच्या बारीक माश्या आणि माइट्स हे सूक्ष्म जीव वाढतात, आणि डबा शेजारी असेल तर त्या पेट्यांत शिरतात. डबा वेगळ्या ठिकाणी ठेवा, सुका ठेवा, मेलेले किडे वेळच्या वेळी काढा. पेटीतलं न खाल्लेलं भक्ष्यही दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचं. बागेतून पकडलेले नाकतोडे देऊ नका, ते कोणत्या फवारणीतून आलेत हे कळायला मार्ग नसतो.

नव्या आलेल्या कोळ्याला काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याच्यासाठी चिमटाही वेगळा घ्या. यामागे खरी भीती सूत्रकृमींची, म्हणजे धाग्यासारख्या बारीक कृमींची, आहे. तोंडाशी पांढरट, चिकट थर दिसतो, कोळी खाणं सोडतो आणि सुस्त पडतो. यावर खात्रीचा इलाज नाही. एकाच चिमट्याने सगळ्या पेट्यांत फिरणं म्हणजे संसर्गाला वाट करून देणं. चिमट्यावर रंगीत टेप गुंडाळा, गोंधळ होणार नाही.

लेबल नसलेल्या पेट्या

प्रत्येक पेटीवर शास्त्रीय नाव, शेवटची कात आणि शेवटचं खाणं. बाजारातल्या नावावर विसंबू नका. अनेक वर्षं ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’ म्हणून विकले गेलेले बरेच कोळी प्रत्यक्षात ब्रॅकिपेल्मा हॅमोरी असल्याचं २०१७ मध्ये स्पष्ट झालं. ब्रॅकिपेल्मा आणि पोइसिलोथेरिया या प्रजाती साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे खरेदीची कागदपत्रंही याच टेबलाच्या खणात जपून ठेवा आणि आपल्या देशातला नियम आधी पाहून घ्या. मादी वीस वर्षंही जगू शकते. एवढा काळ आठवणीच्या भरवशावर निघत नाही.

काही बिनसलं तर

*नव्या पेटीत कोळी भिंतींवरच फिरतो.* माती ओली आहे किंवा जागा नवी आहे. ओल कमी करा आणि काही दिवस त्याला मुळीच छेडू नका. आर्द्रतामापकाच्या आकड्यामागे लागून रोज फवारे मारणं बंद करा. स्वस्त मापकं चुकतात आणि बंद ओलसर हवा कोळ्याला घातक असते. पाण्याची वाटी भरलेली ठेवा. ओल हवी असणाऱ्या जातींसाठी एका कोपऱ्यात मातीत पाणी ओता, बाकीची माती कोरडी राहू द्या. काचेवर सतत बाष्प साचत असेल तर हवेची भोकं कमी पडताहेत. वाटीत स्पंज नको, तो नुसता कुजतो.

*कोळी उताणा पडलाय.* हात लावू नका. तो कात टाकतोय. याला काही तास लागतात आणि त्या वेळी अंग मऊ असतं, म्हणून पेटीत जिवंत रातकिडा राहिला असेल तर तेवढा हळूच काढून घ्या. कात टाकण्याआधी बरेच दिवस खाणं बंद होतं आणि पोटावरचा टक्कल पडलेला भाग काळपट दिसतो. तेव्हा उपाशी आहे म्हणून भक्ष्य टाकत राहू नये. नंतरही सुळे पांढरे किंवा लालसर असतील तोवर थांबा. ते काळे झाले की खायला द्या. मोठ्या कोळ्याला यासाठी दोन आठवडेही लागू शकतात.

*पाय पोटाखाली आखडून बसलाय, उताणा नाही.* हे मात्र धोक्याचं आहे. बहुतेकदा शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि पाय ताणायला दाब उरलेला नसतो. वाटीच्या काठाशी त्याचं तोंड येईल असं ठेवा, पाण्यात बुडवू नका. ओल्या टिश्यूने भरलेल्या बंद डब्यात कोळी ठेवायचा जुना सल्ला ऐकायला मिळतो, तो सोडून द्या.

*पायातून द्रव झिरपतोय.* कॉर्नस्टार्च जखमेवर लावून तो थांबवता येतो. त्याची छोटी डबी टेबलावर असू द्या. पोटाखाली श्वसनाच्या चार फटी असतात, तिथे काही लावू नका.

*पेटी रिकामी आहे.* आधी माती हाताने हळूहळू तपासा. अनेकदा तो बिळातच असतो. नसेल तर दार बंद करा आणि खोलीत काहीही फवारू नका. जमिनीलगतच्या अंधाऱ्या, घट्ट जागा आधी शोधा: कपाटामागे, पडद्याच्या दुमडीत, बुटांत. झाडावर राहणारी जात असेल तर वरच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करा. पाण्याची उथळ बशी जमिनीवर ठेवा आणि रात्री दिवे बंद करून बऱ्याच वेळाने टॉर्च घेऊन पुन्हा पाहा, तेव्हा तो हिंडायला निघालेला असतो. सापडल्यावर हाताने पकडायचं नाही. वरून कप ठेवा, खालून कार्ड सरकवा, पेटीत सोडा आणि पोटाला कुठे इजा आहे का ते बाहेरूनच तपासा. पहिले काही दिवस फक्त पाणी द्या.