स्ट्रक्चरल डिझाइन शिकताय? या चुका टाळा

स्टाड किंवा ईटॅब्स या स्ट्रक्चरल डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा कोर्स संपला की बरेच जण थेट बहुमजली इमारतीचं मॉडेल करायला घेतात. एरर आली नाही, रंगीत आकृत्या उमटल्या, की डिझाइन झालं असं समजतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सॉफ्टवेअर तुम्ही घातलेलं गणित सोडवतं. खरी इमारत तशी आहे का, हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून आधी एकच बीम घ्या. स्पॅन 6 मीटर, लोड मीटरला 20 किलोन्यूटन, दोन्ही टोकं नुसती टेकलेली. मधला मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) हाताने काढा: 20 गुणिले 36 भागिले 8, म्हणजे 90 किलोन्यूटन-मीटर. सॉफ्टवेअरने मध्ये 30 आणि टोकांना 60 दाखवले, तर तुमची टोकं फिक्स्ड, म्हणजे न फिरणारी, राहिली आहेत. सपोर्ट तपासा.

पूर्ण मॉडेलमध्ये पहिल्यांदा सपोर्टवर पोहोचणाऱ्या भारांची, म्हणजे रिअ‍ॅक्शनची बेरीज बघा. 12 बाय 15 मीटरचा, 150 मिलिमीटर जाडीचा स्लॅब घनमीटरला 25 किलोन्यूटनने 675 किलोन्यूटन भरतो. नुसत्या स्लॅबच्या वजनाला बेरीज दुप्पट आली, तर ते दोनदा धरलं गेलंय: एकदा सॉफ्टवेअरने, एकदा तुम्ही. मॉडेल अस्थिर असल्याचा इशारा आला, तर नोड, म्हणजे बीम-कॉलम जुळतात ते बिंदू, झूम करून बघा. मॉडेलसाठी ऑटोकॅडमध्ये स्नॅप (टोकाला टोक नेमकं जोडणारी सोय) न लावता ओढलेल्या रेषा जुळल्यासारख्या दिसतात, पण त्यांच्यात दोन-चार मिलिमीटरची फट असते.

ही काळजी फक्त शिकाऊंनी घ्यायची असं नाही. नॉर्वेत ऑगस्ट 1991 मध्ये स्लाइपनर ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणी सुरू असताना समुद्रात बुडाला. कॉम्प्युटर मॉडेलमध्ये भिंतींच्या जोडाजवळ शिअर (कातरणारं बल) 47 टक्के कमी धरला गेला होता, आणि तिथलं सळयांचं डीटेलिंग, म्हणजे त्यांची प्रत्यक्ष मांडणीही अपुरी होती.

डीटेलिंगकडे तर विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात. 230 मिलिमीटर रुंद बीममध्ये एका थरात 20 मिलिमीटरच्या पाच सळया बसवून बघा. दोन्ही बाजूंचं 25 मिलिमीटरचं कव्हर (सळयांबाहेरचं काँक्रीट) आणि 8 मिलिमीटरची रिंग वजा केली की सळयांमध्ये जेमतेम 16 मिलिमीटर फट उरते. 20 मिलिमीटरची खडी तिथून उतरणार कशी? स्क्रीनवर सळयांचं क्षेत्रफळ मात्र पुरेसं दिसतं. अशा वेळी दोन थर करा, नाहीतर बीम रुंद करा.

नोकरीसाठी चार-पाच सर्टिफिकेटं जमवण्यापेक्षा एक छोटी दुमजली इमारत पूर्ण करा: लोडचा हिशोब, मॉडेल, हाताने पडताळलेले दोन बीम आणि एक कॉलम, ड्रॉइंग, बार बेंडिंग शेड्यूल (सळयांच्या लांबी-आकाराचा तक्ता). इंटरव्ह्यूत हीच फाइल उघडून ठेवा. एखाद्या बीमची उंची तेवढीच का घेतली, हे विचारलं जाईलच.