थंडीतली पिल्लं: ऊब किती द्यायची, कधी काढायची

डिसेंबर-जानेवारीत मुरबाड, शहापूर, बदलापूर पट्ट्यात पहाटे शेडमध्ये गारठा असतो आणि दुपारी उकडतं. आता आणलेली गावरान किंवा गिरिराज जातीच्या कोंबडीची पिल्लं एप्रिल-मेचं ऊन याच पत्र्याखाली काढणार आहेत. त्याची तयारी ब्रूडरपासूनच, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब देतो त्या जागेपासूनच होते.

पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला अंगाचं तापमान स्वतः धड राखता येत नाही. तेव्हा सतत गारठलं की प्राणवायू जास्त लागतो, हृदयावर ताण पडतो. ब्रॉयलरमध्ये, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांत, हा ताण पुढे, वजन भरायच्या दिवसांत, पोटात पाणी होऊन बाहेर पडतो. तेव्हा औषधावर पैसे घालून फारसं काही हाती लागत नाही.

पिल्लं यायच्या 24 तास आधी ब्रूडर लावा. भाताचं तूस तीन इंच, वर कागद. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 33 ते 35 अंश हवेत. खांबाला टांगलेला थर्मामीटर इथे कामाचा नाही. 100 पिल्लांना 100 वॅटचे दोन-तीन पिवळे बल्ब लावा. एलईडीने नुसता उजेड पडतो. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर ऊब कमी, चोच उघडी टाकून कडेला पांगली तर जास्त, सगळी एकाच बाजूला सरकली तर समोरून वारा शिरतोय. शंका असेल तर पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघा: गार लागले की बल्ब खाली घ्या.

दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला 3 अंश उतरवा. आपल्याकडे दुपारी बल्ब बंद, रात्री चालू, असं जमतं. पिसं भरल्यावरही माया म्हणून बल्ब ठेवू नका. अशी पिल्लं लाडावतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी 3 तास 15 अंशांत ठेवलेली ब्रॉयलर पिल्लं पुढे थंडी जास्त सोसतात आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान 24 तास 36 ते 38 अंशांत ठेवलेली पुढे उष्णता जास्त सोसतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण ते तापमान काटेकोर सांभाळलेल्या खोलीत. आपल्या शेडमध्ये ओलं तूस आणि जमिनीलगतचा वारा असताना हा प्रयोग केलात, तर सकाळी मेलेली पिल्लं उचलावी लागतील.

पडदे खालून घट्ट, वरून फूटभर उघडे ठेवा, नाहीतर अमोनिया डोळ्यांत जातो. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी ठेवलीत तर ही फट बुजवू नका. धूर संपला तरी निखाऱ्यांचा विषारी वायू सुटतच असतो, आणि त्याला वास नसतो.