औषधी रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनकार्याचा आढावा कसा घ्यावा

गौरवअंकासाठी असो की प्रबंधाच्या प्रास्ताविकासाठी, एखाद्या औषधी रसायनशास्त्रज्ञाचे कार्य मांडायला बसले की पहिला हात जातो तो शोधनिबंधांच्या संख्येकडे. माझा आग्रह असा की, सुरुवात त्याने घडवलेल्या रेणूपासून करावी आणि संख्या नंतर पाहाव्यात. उदाहरणादाखल डॉ. नित्या आनंद (१९२५–२०२४) यांचे कार्य घेऊ. मुंबईच्या यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात) के. वेंकटरामन यांच्याकडे पीएच.डी., मग केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे दुसरी पीएच.डी. आणि १९५१ पासून लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था, जिचे ते १९७४ ते १९८४ या काळात संचालक होते, एवढा जीवनपट दोन ओळींत आटोपतो. खरे काम पुढे आहे.

त्यांच्या गटाने घडवलेली, स्टेरॉइड नसलेली गर्भनिरोधक गोळी निवडावी आणि तिची सगळी नावे आधी कागदावर उतरवून घ्यावीत. प्रयोगशाळेत या संयुगाचा क्रमांक ६७/२० होता. संस्थेने त्याला सेंटक्रोमान म्हटले, आंतरराष्ट्रीय नाव ऑर्मेलॉक्सिफिन पडले, १९९१ मध्ये ते ‘सहेली’ या नावाने बाजारात आले आणि २०१६ पासून राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात ‘छाया’ म्हणून मिळू लागले. शोध प्रत्येक नावाने स्वतंत्रपणे घ्यावा, कारण जुने जैविक अहवाल क्रमांकाखाली सापडतात, तर परदेशी निबंध आंतरराष्ट्रीय नावाखाली. एकाच नावावर थांबणाऱ्याच्या हाती या कामाचा एक तुकडाच लागतो.

त्यानंतर मूळ निबंध वाचावेत. रेणूच्या कोणत्या भागात बदल केला, त्याने परिणाम कसा बदलला आणि पुढचे संयुग त्यावरून कसे सुचले, हा धागा हाती लागला की शास्त्रज्ञाची विचारपद्धती दिसू लागते. हा रेणू काही ऊतींमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला अडवतो, तर काहींमध्ये स्वतःच सौम्यपणे इस्ट्रोजेनसारखा वागतो. त्याचे शरीरातील अर्धायू, म्हणजे औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे सात दिवसांचे असल्यामुळे ती गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर एकदाच घ्यायची असते. रोज गोळी लक्षात ठेवणे ज्या बाईला जमत नाही तिची सोय या एका गुणधर्मात आहे, आणि आढाव्यात हे लिहिलेच पाहिजे.

आता आकडे. एच-निर्देशांक २० असणे म्हणजे किमान २० निबंधांना प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत केले गेलेले असणे. ही पद्धत जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. समवयस्क आणि समविषय शास्त्रज्ञांची तुलना करायला ती उपयोगी पडते, पण १९६० च्या दशकात भारतीय नियतकालिकांत लिहिणाऱ्याला ती सरळ लावणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या काळातील बरेच अंक उद्धरणांच्या माहितीसंचात नीट आलेलेच नाहीत. पेटंटांचेही तसेच. १९७० च्या कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हते, केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळे, आणि ही स्थिती २००५ पर्यंत टिकली. म्हणून भारतीय पेटंटांची संख्या अमेरिकी संख्येशेजारी मांडताना हा फरक त्याच वाक्यात सांगावा.

श्रेयाची विभागणी करताना घाई करू नये. रेणू रसायनशास्त्रज्ञ घडवतो, पण तो काम करतो हे प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध करणारे जीवशास्त्रज्ञ वेगळे असतात. सेंटक्रोमानच्या निबंधांवर व्ही. पी. कंबोज यांचे नाव त्याच कारणाने दिसते. लेखकांचा क्रम, पेटंटावरील संशोधकांची नावे आणि मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध ही तिन्ही ताडून पाहावीत. भारतीय प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हा संग्रह चाळावा.

शेवटी, इतरांनी त्या रेणूचे पुढे काय केले ते शोधावे आणि अपयशही नोंदवावे. याच रेणूचा एक प्रतिबिंबरूपी प्रकार, लेव्होर्मेलॉक्सिफिन, नोवो नॉर्डिस्क या कंपनीने हाडांच्या ठिसूळपणासाठी तपासला होता. स्त्रीरोगविषयक दुष्परिणाम दिसल्याने त्या चाचण्या थांबल्या. ही नोंद ‘छाया’च्या नोंदीखालीच यावी.