रिवाइंडिंगचा हात आणि अतिसंवाहक पट्टी

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात रोहित्राला सगळे 'डीपी' म्हणतात, आणि ऐन ओलिताच्या दिवसांत ती जळाली की हरभऱ्याचे पाणी थांबते. सुट्ट्यांमध्ये मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात एनॅमलची तार फर्म्यावर ताणून गुंडाळायला शिकलो होतो. पुढे पदव्युत्तर प्रकल्पात उच्च-तापमान अतिसंवाहक पट्टीचे, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या थंडीत विजेला रोध न करणाऱ्या पट्टीचे, छोटे रोहित्र करायला घेतले, तेव्हा तोच सरावलेला हात आड आला.

ही पट्टी साधारण ४ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड असते. तिच्यातला इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा थर एक-दोन मायक्रॉनचा आणि खापरासारखा ठिसूळ असतो. चौकोनी फर्म्याच्या कोपऱ्यावरून मी ती सवयीने करकचून वळवली. वरचे तांबे शाबूत असल्याने मल्टीमीटरलाही काही वावगे दिसले नाही. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ४० अँपिअर सोडले, तेव्हा मात्र एका वेढ्यावर व्होल्टेज चढू लागले आणि नेमक्या त्याच कोपऱ्यापाशी बुडबुडे उसळले. नवख्याने फर्मा गोलच घ्यावा, उत्पादकाने सांगितलेली किमान त्रिज्या पाळावी आणि गुंडाळण्याआधी व नंतर क्रांतिक प्रवाह, म्हणजे ज्याच्या पुढे पट्टीत रोध उगवतो तो प्रवाह, मोजावा. सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट हा त्याचा रूढ निकष आहे.

शून्य रोधाची गोष्ट डीसीपुरती खरी. ५० हर्ट्झवर पट्टी तापतेच, विशेषतः गुंडाळीच्या टोकांशी, जिथे चुंबकीय क्षेत्र पट्टीच्या पृष्ठभागात लंब शिरते. उणे १९६ अंशांवरची १ वॉट उष्णता उपसायला शीतकयंत्राला त्याच्या कितीतरी पट वीज लागते. लोखंडी गाभाही तापतो, म्हणून तो थंडीत बुडवत नाहीत. फायबरग्लासचे कड्याच्या आकाराचे भांडे करून त्याच्या मधल्या पोकळीतून गाभ्याचा खांब नेतात. हे भांडे स्टीलचे केले, तर ते स्वतःच शॉर्ट झालेला वेढा बनते.

द्रव नायट्रोजनची भीती माझ्या मनात नव्हती, कारण गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवलेला धुरकट डबा लहानपणापासून पाहिला होता. तिथे झाकण नेहमी सैलच असे. १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो प्राणवायूची जागा घेतो, हे पुढे कळले, आणि प्रयोगशाळेची खिडकी मी नागपूरच्या मे महिन्यातही, कूलर बंद पडलेला असताना, उघडीच ठेवली.