गणपतीत मैत्रिणीला घरी नेताय?
लग्नाचा विषय चतुर्थीला काढूच नका. आई नैवेद्यात, बाबा आरतीत आणि ओटीवर सगळी भावकी. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली की आधी आईशी बोला, बाबांना तीच सांगेल. त्याआधी मैत्रिणीला मोदक वळायला बसवा. उकड मात्र आईनेच काढावी: वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. गरम असतानाच तूप-पाण्याच्या हाताने मळायची. गार झाली की पारीला चिरा जातात, सारण बाहेर येतं. कळ्या पाच आल्या तरी पुरे, मनापासून लावलेला हात आईला कळतो. हळदीच्या पानावर 10-12 मिनिटं वाफ. गौरीला तुमच्याकडे तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य असेल आणि मैत्रीण शाकाहारी असेल, तर घरी आधीच सांगून ठेवा.