धरणसाठ्याचं पोस्टर: टक्क्यांमागचं पाणी कसं दाखवावं

पाण्यावरच्या विद्यार्थी-पोस्टरांत बहुतेक वेळा एक निळा थेंब असतो आणि त्याच्या पोटात मोठ्ठा टक्का. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे, पहिलाच प्रश्न येतो, ‘टक्के कशाचे?’ आणि गाडी तिथेच अडते. खाली पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांचं ए-२ आकाराचं उभं पोस्टर धरून रीत दिली आहे. सॉफ्टवेअर इलस्ट्रेटर असो की इंकस्केप, काही फरक पडत नाही.

१. आकडे. जलसंपदा विभागाच्या रोजच्या तक्त्यातून घ्या. रकाना ‘उपयुक्त साठा’ (नेहमीच्या वापराला सोडता येणारं पाणी) हाच धरा, एकूण साठा नाही; त्यात तळाचा मृत साठाही येतो. वर्षांची तुलना करायची असेल तर दर वर्षी तारीख एकच ठेवा. पावसाळा सरल्यावरची १५ ऑक्टोबर सोयीची. काही तक्ते टीएमसीत (अब्ज घनफूट) असतात, काही दलघमीत (दशलक्ष घनमीटर). १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. एका तक्त्यात दोन्ही मिसळले की पुढचं सगळं वाया.

२. आकड्याचा आकार करणं. पोस्टर फसतं ते इथेच.

चारही धरणांना सारख्या रुंदीचे स्तंभ देऊन टक्क्यांइतकी उंची भरली, तर खडकवासल्याचे ५० टक्के आणि वरसगावचे ५० टक्के सारखेच दिसतात. प्रत्यक्षात पहिल्यात जेमतेम १ टीएमसी पाणी आहे, दुसऱ्यात ६.४. टक्क्यांची सरळ सरासरी तर त्याहून वाईट. समजा खडकवासला ९० टक्के आणि वरसगाव ४० टक्के भरलं आहे. सरासरी येते ६५. पाणी मोजलं तर दोन्ही मिळून ४७ टक्केसुद्धा भरत नाहीत.

उपाय सोपा आहे: रुंदी क्षमतेची, उंची टक्क्यांची. मग निळं क्षेत्रफळ म्हणजेच पाणी. ए-२ची रुंदी ४२० मिमी. दोन्हीकडे २० मिमी समास आणि स्तंभांमध्ये १०-१० मिमीच्या तीन फटी सोडल्या की ३५० मिमी उरतात. साखळीची उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी, म्हणून १ टीएमसीला १२ मिमी:

- खडकवासला १.९७ टीएमसी: २३.६ मिमी
- पानशेत १०.६५ टीएमसी: १२७.८ मिमी
- वरसगाव १२.८२ टीएमसी: १५३.८ मिमी
- टेमघर ३.७१ टीएमसी: ४४.५ मिमी

उंची सगळ्यांची २०० मिमी, म्हणजे १ टक्क्याला २ मिमी. रुंदी माउसने ओढून जुळवू नका, आकडा टाइप करा. चौकटींना बाहेरची रेघही नको. २ पॉइंटची रेघ दोन्ही कडांवर अर्धी-अर्धी बाहेर येते आणि ०.७ मिमी वाढवते. वरसगावला ते कळणार नाही, पण खडकवासला तेवढ्यानेच ३ टक्के फुगतो.

वर्तुळांचा मोह आवरत नसेल तर त्रिज्या क्षमतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्या. वरसगावला ६० मिमी त्रिज्या दिली तर खडकवासल्याला २३.५ मिमी येते. वर्गमूळ विसरलात तर ९.२ मिमी येईल, आणि साडेसहा पटींचा फरक डोळ्याला बेचाळीस पटींचा दिसेल. थेंबाचा आकार मात्र नकोच. तो वर निमुळता असल्यामुळे अर्ध्या उंचीपर्यंत भरला तरी अर्ध्याहून बरंच जास्त पाणी दाखवतो.

याच पद्धतीने उजनी काढायला घ्याल तर आणखी एक फास आहे. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि त्याखालचा मृत साठा ६३.६६ टीएमसी. उन्हाळ्यात ‘उजनी उणे ५० टक्के’ अशा बातम्या येतात, त्याचा अर्थ उपयुक्त साठ्याच्या ५० टक्के, म्हणजे २६.८ टीएमसी, मृत साठ्यातून उपसले गेले. तळाशी अजून जवळपास ३७ टीएमसी आहेत. सॉफ्टवेअर उणे आकड्याचा लाल स्तंभ खाली लोंबवतं. तो पुसून टाका. शून्याची रेघ मध्ये घ्या, मृत साठा तिच्याखाली गडद निळा भरा आणि उपसलेला भाग रिकामा ठेवा.

३. रंग. पाण्याला एक निळा, रिकाम्या भागाला फिकट राखाडी. लाल-हिरवी जोडी टाळा, अनेकांना ती वेगळी दिसतच नाही.

४. मापाचा चौकोन. कोपऱ्यात ४९ × ४९ मिमीचा निळा चौकोन ठेवा. या प्रमाणात तो बरोबर १ टीएमसी भरतो. ‘इतके मिमी म्हणजे इतकं’ असं लिहू नका, पोस्टर लहान छापलं की ते खोटं ठरतं. चौकोन स्तंभांबरोबरच आक्रसतो. त्याखाली माणसांचं माप द्या: दरडोई रोज १३५ लिटरच्या सरकारी मानकाने १ टीएमसी सुमारे पावणेसहा लाख लोकांना वर्षभर पुरतं, गळती न धरता.

५. मथळा. ‘पुण्याचं पाणी’ नको. याच साखळीतून कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला आवर्तनं सुटतात. ‘खडकवासला साखळीतला उपयुक्त साठा’ आणि शेजारी तारीख, एवढं पुरे.

६. छपाई. आधी ए-४वर काढून भिंतीला लावा आणि दोन मीटरवरून बघा. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवलं असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकलेले दिसतील, ते वाढवा. आणि फाइल देण्याआधी रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलून घ्या, स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर मळकट उतरतो.