टू-वे स्पीकरचा क्रॉसओव्हर: वूफर-ट्विटरचा सांधा कसा जुळवावा

साडेसहा इंची वूफर आणि एक इंची डोम ट्विटर बसवलेले खोके तयार आहे, असे धरून चालतो. दोघांचा सांधा, म्हणजे जिथे खालचे सूर वाजवणारा वूफर उतरू लागतो आणि वरचे सूर वाजवणारा ट्विटर उचलून घेतो ती वारंवारता, 2500 हर्ट्झच्या आसपास ठेवावा; ही वाटणी करणारे फिल्टर म्हणजे क्रॉसओव्हर. फार वर नेल्यास वूफरचा आवाज बाजूंना पसरत नाही, फार खाली आणल्यास ट्विटर कण्हू लागतो.

लिंकविट्झ-रायली पद्धतीच्या, सप्तकाला 12 डेसिबल उताराच्या (सांध्यापलीकडे वारंवारता दुप्पट किंवा निम्मी झाली की आवाज 12 डेसिबलने उतरवणाऱ्या) फिल्टरसाठी सूत्राने 8 ओहमच्या वूफरला आणि ट्विटरला प्रत्येकी 1 मिलिहेन्रीची कॉइल आणि 4 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो, आणि बहुतेकांचा सल्ला इथेच संपतो. वूफर मात्र 8 ओहमचा राहत नाही: त्याच्या व्हॉइस कॉइलचे इंडक्टन्स 0.8 मिलिहेन्री असेल, तर 2500 हर्ट्झला तो 14 ओहमच्या घरात जातो. म्हणून 7.5 ओहमचा रेझिस्टर आणि 15 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून ती जोडी वूफरला समांतर लावावी, म्हणजे ही वाढ फिल्टरला जाणवत नाही.

खरी अडचण पुढे आहे. माझ्या पहिल्या जोडीत तबल्याचा 'ना' पडद्याआडून वाजल्यासारखा येई, आणि मी कित्येक महिने महागडे कपॅसिटर बदलत बसलो, तो पैसा पाण्यात गेला. दोष कपॅसिटरच्या जातीत नव्हता, वेळेत होता. सपाट फळीवर वूफरचे ध्वनिकेंद्र (आवाज जिथून निघाल्यासारखा वाटतो तो बिंदू) ट्विटरच्या साधारण अडीच सेंटिमीटर मागे पडते. 2500 हर्ट्झला तरंगलांबी जेमतेम 14 सेंटिमीटर असल्याने एवढ्यानेच दोघांच्या लहरींत सुमारे 65 अंशांचा फेजफरक (मागे-पुढेपणा) पडतो, ज्याचा सूत्राला पत्ताच नसतो.

तो पकडण्यासाठी ट्विटरच्या तारांची अदलाबदल करून पाहावी. या फिल्टरमध्ये ट्विटरच्या प्लस-मायनस तारा मुळातच उलट जोडाव्या लागतात (हे विसरणारे पुष्कळ भेटतात), म्हणून चाचणीपुरत्या त्या सरळ कराव्यात आणि एक मीटरवर, ट्विटरच्या उंचीला मापनाचा माइक ठेवून कोणत्या वारंवारतेला आवाज किती येतो याचा आलेख काढावा. सांध्यावर अरुंद आणि खोल, निदान 20 डेसिबलचा खळगा दिसला, तर दोघे एका वेळी पोचतात. खळगा उथळ असेल किंवा बाजूला सरकलेला असेल, तर वूफरचा कपॅसिटर 4 वरून 3.3, मग 2.7 मायक्रोफॅरड असा उतरवत न्यावा. त्याने वूफरची दिरंगाई कमी होते. एका वेळी एकच भाग बदलावा, नाहीतर काय बदलल्याने काय झाले याचा थांग लागत नाही. तेवढ्यानेही न भागल्यास पुढची फळी सुमारे 10 अंश मागे कलती करावी, म्हणजे ट्विटर आपोआप मागे जातो. कानावर विसंबून हा टप्पा कोणी उरकू नये. मी उरकला होता.

खळगा मनाजोगता मिळाला की ट्विटरच्या तारा पुन्हा उलट कराव्यात, कॉइली एकमेकींपासून दूर व काटकोनात बसवाव्यात, आणि ट्विटर टोचत असल्यास दोन रेझिस्टरांच्या एल-पॅडने तो दोन-तीन डेसिबल उतरवावा.